जमीन विकसनाला देताना करारनाम्यात रस्ता कसा लिहावा: कोकणातील जमीनधारकांसाठी मार्गदर्शक

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील आमची वडिलोपार्जित जमीन आम्ही भावंडांनी विकसनाला दिली, तेव्हा सव्वीस पानांच्या विकसन करारनाम्यात रस्त्याविषयी एकच वाक्य होते: ‘विकसक मिळकतीस योग्य तो पोहोच रस्ता करून देईल.’ रस्ता किती रुंद असावा, कोणाच्या जमिनीतून जावा, कधीपर्यंत व्हावा, वहाळावर (पावसाळी ओढ्यावर) मोरी, म्हणजे पाणी खालून जाण्याची वाट, कोणी बांधावी आणि पुढे तो कोणाच्या मालकीचा राहावा, यांतले काहीही त्या वाक्यात नव्हते. पुढची चार वर्षे आमचे जे वाद झाले, ते जवळपास सगळे त्या ‘योग्य तो’ या दोन शब्दांवरून झाले. अखेर पूरक करारनामा करून आम्ही ते निस्तरले, पण तोपर्यंत दोन पावसाळे आणि शेजाऱ्यांशी असलेले चांगले संबंध खर्ची पडले होते. आपल्या जमिनीवर प्लॉटिंग, बंगले किंवा सदनिका बांधण्यासाठी प्रथमच कोणाशी करार करणाऱ्यांना हे टाळता यावे, म्हणून ही माहिती ज्या क्रमाने लागते त्या क्रमाने लिहिली आहे. स्वतःचा वकील नेमावाच. मात्र त्याला काय विचारायचे ते आपल्याला आधी ठाऊक असले पाहिजे.

१. आज कागदावर कोणता रस्ता आहे, ते आधी शोधा

‘रस्ता आहेच की, आजोबांच्या वेळेपासून बैलगाडी जाते,’ हे उत्तर वाटाघाटीत उपयोगाचे नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रमाणित प्रत घ्या. नकाशावर तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला मार्ग हा गाडीमार्ग असून त्याची रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग, आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट. आमच्या जमिनीकडे येणारी वाट एकेरी रेषेची निघाली. प्रत्यक्षात तिच्यावरून जीप जात होती, पण ती शेजाऱ्यांच्या सौजन्यामुळे जात होती, हक्काने नव्हे.

नकाशात मार्ग सापडला, तर तो ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना २३ मध्ये, नोंदलेला आहे का ते पाहा व उतारा मागून घ्या. त्यानंतर संपूर्ण जमिनीची मोजणी करून ‘क’ प्रत (मोजणी नकाशाची प्रत) मिळवा. कोकणात गडगा (दगड रचून केलेले कुंपण) म्हणजेच हद्द असे गृहीत धरण्याची सवय आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या ढासळत आणि पुन्हा रचला जात गडगा हातभर इकडे-तिकडे सरकलेला असतो. नऊ मीटरच्या रस्त्यात हातभर जागा कमी पडली, तरी मंजुरी अडते.

२. शेजाऱ्याच्या जमिनीतून जाणारा हक्क नोंदवून घ्या

या टप्प्यावर सर्वाधिक लोक फसतात, कारण तीन वेगवेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात. परंतु तो शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी असतो आणि अरुंद असतो. त्या आदेशाच्या बळावर पन्नास घरांच्या रेखांकनाला (लेआउटला) मंजुरी मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नका. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली पूर्वापार वाटेवरील अडथळा दूर करून घेता येतो, पण त्यासाठी अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, आणि मुळात वाट अस्तित्वात असावी लागते. तिसरी गोष्ट वहिवाटीची. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ नुसार वीस वर्षे उघडपणे, हक्काने व खंड न पडता वापरलेल्या वाटेवर हक्क निर्माण होतो. मात्र तो ज्या वापरासाठी निर्माण झाला त्या वापरापुरता असतो. आंब्याच्या पेट्या नेण्याची वहिवाट सिमेंटच्या गाड्या आणि पर्यटकांच्या मोटारी यांच्यासाठी ताणता येत नाही, आणि ओझे वाढले म्हणून शेजारी न्यायालयात गेला तर त्याची बाजू भक्कम असते.

म्हणून मार्ग एकच: रस्ता ज्या गटातून जातो, त्या गटाच्या सातबाऱ्यावरील प्रत्येक सहहिस्सेदाराकडून नोंदणीकृत रस्ता-हक्काचा दस्त घ्यावा, त्यात रुंदी, लांबी, चतुःसीमा आणि ‘निवासी व तदनुषंगिक सर्व वापरासाठी, कायमस्वरूपी’ असे शब्द असावेत, आणि नंतर फेरफार करून त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात घालून घ्यावी. कोकणातल्या एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असणे नवे नाही; निम्मे हिस्सेदार मुंबईत, एखादा परदेशात, दोघे-तिघे मयत आणि त्यांचे वारस लागलेले नाहीत. गावात राहणाऱ्या एकट्या काकांची सही घेऊन काम भागत नाही. आमच्या शेजारच्या गटातील एका हिस्सेदाराची सही राहिली होती, आणि तेवढ्याच कारणाने त्याच्या मुलाने मे महिन्यात रस्त्यावर आडवा जांभ्याचा गडगा घातला. आम्ही त्याला दोष देऊ शकलो नाही, कारण त्याला कोणी विचारलेच नव्हते.

सह्या गोळा करण्यासाठी गणेशोत्सवाइतका चांगला काळ दुसरा नाही. चाकरमानी गावी आलेले असतात, घरात माणसे एकत्र बसलेली असतात आणि बोलणे मोकळेपणाने होते. मसुदा मात्र त्यापूर्वीच तयार ठेवा.

रस्त्यापुरती चिंचोळी पट्टी विकत घेण्याचा विचार असेल, तर शेतजमीन खरेदीसाठी शेतकरी असण्याची अट आणि तुकडेबंदीचा कायदा या दोन्ही गोष्टी आधी तपासा.

करारात हे काम कोणावर आहे तेही लिहा. विकसक बहुतेक वेळा ‘रस्त्याचा हक्क मिळवून देण्याची जबाबदारी जमीनधारकाची’ असे कलम घालतो. ते मान्य करणार असाल, तर मुदत पुरेशी घ्या आणि हक्क न मिळाल्यास तुमच्यावर दंड बसणार नाही, एवढे तरी पाहा. आम्ही ते कलम न वाचता सही केली होती.

३. रुंदी ठरवा आणि जमिनीचा हिशेब मोबदल्यापूर्वी करा

डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत दोन गोष्टी रस्त्याशी बांधलेल्या आहेत. पहिली, रेखांकनातील अंतर्गत रस्ता जितका लांब तितका तो रुंद ठेवावा लागतो. दुसरी, समोरच्या रस्त्याची रुंदी जितकी अधिक, तितका चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात करता येणारे बांधकाम) अधिक मिळू शकतो. म्हणजे रस्ता हा केवळ सोयीचा भाग नसून तुमच्या जमिनीची किंमतच त्यावर ठरते.

एक हिशेब करून पाहू. जमीन ८० गुंठे आहे आणि आत १२० मीटर लांब, ९ मीटर रुंद रस्ता लागतो. तो १०८० चौरस मीटर, म्हणजे जवळपास पावणेअकरा गुंठे जागा घेतो. जमीन ४००० चौरस मीटरपेक्षा मोठी असल्याने दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती आठ गुंठे. उरले साधारण एकसष्ट गुंठे. आता करारात तुमचा हिस्सा ‘एकूण क्षेत्राच्या’ टक्केवारीत लिहिला आहे की ‘विक्रीयोग्य निव्वळ क्षेत्राच्या’, यावर तुमच्या वाट्यात किती फरक पडतो ते स्वतः मांडून पाहा. शब्द कोणताही निवडा, पण त्याची व्याख्या करारातच असू द्या.

जमीन नगरपरिषद हद्दीत असेल आणि तिच्यातून विकास योजनेतील रस्ता जात असेल, तर ती जागा प्राधिकरणाकडे वर्ग केल्याच्या बदल्यात वाढीव चटईक्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळू शकतो. त्याचा लाभ कोणाचा, हे आमच्या पहिल्या करारात लिहिलेले नव्हते, आणि न लिहिलेली गोष्ट कुलमुखत्यारपत्राच्या आधारे विकसकाकडे जाते. ‘रस्त्यात गेलेल्या क्षेत्राबद्दल मिळणारा कोणत्याही स्वरूपाचा मोबदला जमीनधारकाचा राहील’ किंवा अमुक प्रमाणात वाटला जाईल, असे स्पष्ट वाक्य हवे.

४. मुख्य रस्त्याला जोड कुठे व कोणाच्या परवानगीने

तुमचा रस्ता ज्या रस्त्याला मिळतो त्याचा दर्जा विचारा. राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग व ग्राम मार्ग जिल्हा परिषदेकडे. मुंबई-गोवा महामार्ग क्रमांक ६६ असेल, तर राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण (भूमी व वाहतूक) अधिनियम, २००२ नुसार महामार्ग प्रशासनाच्या परवानगीशिवाय त्यावर थेट प्रवेश घेता येत नाही. चौपदरीकरणानंतर अनेक ठिकाणी दुभाजक आल्यामुळे समोर दिसणाऱ्या जमिनीकडे वळसा घालून जावे लागते; जमिनीचा दर ठरवताना विकसक हे लक्षात घेतो, तुम्हीही घ्या. महामार्गालगत इमारत रेषा व नियंत्रण रेषा लागू असतात, आणि त्यांच्या आतल्या बांधकामावर बंधने असतात. कोकण रेल्वेची हद्द ३० मीटरच्या आत असेल, तर रेल्वेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते.

रेवस ते रेड्डी सागरी मार्गाच्या परिसरात जमीन असेल, तर आखणीचा अद्ययावत नकाशा पाहा. किनाऱ्यावरील काही गावांसाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले आहे, त्यामुळे तुमच्या गावाची परवानगी कोणाकडे आहे याचीही खात्री करा. ‘सागरी महामार्ग इथूनच जाणार’ या बोलण्यावर दर ठरवू नका आणि ठरवू देऊ नका.

खाडीकाठच्या जमिनीत आणखी एक अडचण येते. रस्ता कांदळवनातून किंवा त्याच्या अगदी जवळून जात असेल, तर तो होणार नाही असे समजूनच दुसरी आखणी शोधा. २०१९ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा राखीव धरला जातो. सिंधुदुर्गात वाटेतल्या एखाद्या गटाला वनसंज्ञा लागलेली (जमीन खाजगी असूनही वन धरलेली) असते; तो गट पडीक दिसतो, मालक आनंदाने सही देतो, पण तिथून रस्ता काढण्यासाठी वन संवर्धन कायद्याखालील मंजुरी लागते.

५. वहाळ, मोरी आणि चढ: कोकणात रस्ता पाण्याने ठरतो

देशावरच्या वकिलाने केलेल्या मसुद्यात हा भाग जवळजवळ नेहमीच सुटतो, आणि म्हणून मी येथे सविस्तर लिहितो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश चार महिन्यांत पडतो. जानेवारीत जागा पाहायला आलेल्या माणसाला वहाळ दिसतच नाही. त्याला दिसते ती पालापाचोळ्याने भरलेली एक खोलगट जागा.

आमच्या विकसकाने तिथे एक फूट व्यासाचे सिमेंटचे दोन नळे टाकून वर मुरुमाचा भराव केला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वरच्या बागेतून माडाच्या झावळ्या आणि सागाची पाने वाहत आली, नळ्यांची तोंडे बुजली, आणि पाणी भरावाच्या डोक्यावरून गेले. सकाळी मी तिथे पोहोचलो तेव्हा रस्त्याच्या जागी पुरुषभर खोल घळ पडली होती, एक नळा कलंडून अर्धा उघडा पडला होता, आणि सगळा तांबडा मुरुम खालच्या खाचरात, चार दिवसांपूर्वी लावलेल्या भातावर पसरला होता. त्या खाचराची नुकसानभरपाई आम्ही दिली, कारण जमीन आमची होती आणि करार याबाबत मुका होता. आज तिथे तीन मीटर गाळ्याची (पाणी जाण्याच्या मोकळ्या रुंदीची) स्लॅबची मोरी आहे.

म्हणून करारात मोऱ्यांची संख्या, जागा, प्रकार आणि गाळा आकड्यांत लिहा. दोन्ही बाजूंची गटारे कुठे सोडायची तेही नकाशात दाखवा, कारण रस्त्याचे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात सोडले की भांडण ठरलेले. गटारे, नळपाणी आणि विजेच्या तारा यांची जागा रस्त्याच्या आखणीतच राखली नाही, तर नवा डांबरी रस्ता वर्षाच्या आत खणला जातो. चढाचे प्रमाण लिहा: आमच्या पूरक करारनाम्यात बारा मीटर लांबीला एक मीटरपेक्षा अधिक चढ नसावा, अशी अट आहे. सडा (जांभ्याचे पठार) उतरून खाली वाडीत येणाऱ्या रस्त्यावर ही अट नसेल, तर विकसक खर्च वाचवण्यासाठी सरळ उतार काढतो आणि पावसात भरलेली गाडी, किंवा प्रसंगी रुग्णवाहिका, वर चढत नाही.

जुनी पाखाडी (पायऱ्यांची वाट) किंवा विहिरीकडे जाणारी पायवाट रस्त्याला छेदत असेल, तर ती कायम ठेवण्याचे कलम घाला. आमच्याकडे खालच्या घरच्या काकी वर्षानुवर्षे ज्या जांभ्याच्या पायऱ्यांनी पाण्याला जात, त्या पायऱ्या रस्त्याच्या कापणीत गेल्या होत्या. त्या पुन्हा बांधून घ्यायला आम्हाला दीड वर्ष लागले.

एक इशारा जमीनधारकाच्या खिशाशी संबंधित आहे. रस्त्यासाठी डोंगर कापून निघालेला मुरुम आणि जांभा हे गौण खनिज आहे. परवानगी व स्वामित्वधनाशिवाय (रॉयल्टी न भरता) उत्खनन झाल्यास महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि नोटीस सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या घरी येते. ‘गौण खनिज, वृक्षतोड व रस्त्याच्या कामाशी संबंधित सर्व परवानग्या, शुल्क व दंड यांची जबाबदारी विकसकाची राहील’ हे वाक्य विसरू नका.

६. कलम असे लिहा की ते मोजता येईल

आमच्या पूरक करारनाम्यातील कलमाचा सांगाडा येथे देतो. आकडे व परिशिष्टे तुमच्या जागेप्रमाणे बदला.

‘विकसक हा सदर मिळकतीस सार्वजनिक रस्त्यापासून, परिशिष्ट ३ मधील नकाशात अ-ब-क-ड या अक्षरांनी दर्शविलेला, ९ मीटर रुंद व १२० मीटर लांब रस्ता, त्यावरील मोऱ्या व दोन्ही बाजूंच्या गटारांसह, स्वखर्चाने बांधील. सदर रस्त्याचे मातीकाम, मोऱ्या व खडीकरण पूर्ण झाल्याचा उभय पक्षांना मान्य अशा अभियंत्याचा दाखला मिळेपर्यंत विकसक कोणत्याही इमारतीचे जोत्यावरील बांधकाम सुरू करणार नाही, तसेच कोणताही भूखंड अथवा सदनिका विकण्याचा करार करणार नाही.’

यातील दुसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. विकसकाचा पैसा विक्रीतून येतो. विक्री रस्त्याला बांधली की रस्ता होतो. डांबरीकरण मात्र शेवटी ठेवा, कारण बांधकामाच्या गाड्या नवे डांबर उखडून टाकतात.

मुदत तारखेने लिहा, आणि ती ३१ मे धरा. कोकणात रस्त्याचे काम दिवाळीनंतर सुरू होते व मेअखेर थांबते, त्यामुळे ‘बारा महिन्यांत’ असे लिहिले आणि करार जूनमध्ये झाला, तर प्रत्यक्षात कामाचा एकच हंगाम मिळतो. तोही हुकला तर पुढचा दिवाळीनंतर.

७. हमी आणि कुलमुखत्यारपत्र

रस्त्याच्या अंदाजपत्रकाएवढी बँक हमी मागा. छोटा विकसक ती देऊ शकत नाही. अशा वेळी त्याच्या हिश्शातील दोन किंवा तीन भूखंड रस्ता पूर्ण होईपर्यंत विकता येणार नाहीत, असे लिहा आणि कुलमुखत्यारपत्रातून ते भूखंड क्रमांक वगळा. करारात बंधन आणि कुलमुखत्यारपत्रात मोकळीक असेल, तर बंधनाला अर्थ उरत नाही, म्हणून दोन्ही दस्त शेजारी ठेवून वाचा. शेजाऱ्यांशी रस्त्याबाबत तडजोड करण्याचा अधिकार तर कुलमुखत्यारपत्रात मुळीच देऊ नका.

प्रकल्प कायद्याने सूट दिलेल्या मर्यादेपेक्षा मोठा असेल, तर त्याची महारेरात (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणात) नोंदणी लागते, आणि विक्रीत किंवा बांधलेल्या क्षेत्रात हिस्सा घेणारा जमीनधारकही प्रवर्तक (प्रकल्पाला जबाबदार असलेला पक्ष) धरला जाऊ शकतो. याचा अर्थ, जाहिरातीत दाखवलेला रस्ता झाला नाही तर ग्राहक तुमच्याकडेही बोट दाखवू शकतो. जाहिरातीचा मजकूर छापण्यापूर्वी तुम्हाला दाखवण्याची अट घाला.

८. रस्ता पुढे कोणाचा

पर्याय दोन आहेत. रस्ता ग्रामपंचायतीला देऊन नमुना २३ मध्ये नोंदवला, तर देखभाल सार्वजनिक निधीतून होऊ शकते, पण मग त्यावर फाटक लावता येत नाही आणि पलीकडच्या जमिनींनाही तो खुला होतो. खाजगी ठेवला, तर देखभालीचा खर्च रहिवाशांच्या संस्थेने करायचा असतो, आणि निम्मी घरे वर्षाचे दहा महिने बंद असलेल्या कोकणातल्या वसाहतीत ती वर्गणी गोळा होणे कठीण जाते. माझे मत पहिल्या पर्यायाकडे झुकते. कोणताही निवडला तरी हस्तांतरणापूर्वी तीन पावसाळे दुरुस्तीची जबाबदारी विकसकाची ठेवा. एका पावसाळ्यात मोरी टिकते. भराव खचतो तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

तुमच्याकडे उरलेली बाग किंवा घर याच रस्त्याच्या टोकाला असेल, तर त्यावरून जाण्याचा तुमचा व तुमच्या वारसांचा कायमचा हक्क वेगळ्या कलमाने राखून ठेवा. स्वतःच्या जमिनीत जाण्यासाठी वसाहतीच्या पहारेकऱ्याला नाव सांगावे लागलेले लोक माझ्या माहितीत आहेत.

९. सोबत लागणारे कागद आणि नोंदणीचा दिवस

हे कागद करारापूर्वी एका फाइलमध्ये लावा:

- तुमच्या गटाचे व रस्ता जातो त्या प्रत्येक गटाचे चालू सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार
- गाव नकाशा, मोजणीची ‘क’ प्रत, प्रादेशिक किंवा विकास योजनेचा भाग नकाशा व झोन दाखला
- ग्रामपंचायत नमुना २३ चा उतारा
- शेजाऱ्यांचे नोंदणीकृत रस्ता-हक्काचे दस्त
- सार्वजनिक रस्त्याला जोड घेण्याची परवानगी, आणि लागू असल्यास रेल्वे, वन व किनारी नियमनाची कागदपत्रे
- रस्त्याची आखणी, उंचसखलपणा व मोऱ्या दाखवणारा अभियंत्याचा नकाशा आणि अंदाजपत्रक

विकसन करारनाम्यावर खरेदीखताप्रमाणेच मुद्रांक शुल्क भरावे लागते आणि तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. ‘शुल्क वाचवू, नोटरी करून ठेवू’ या सल्ल्याला बळी पडू नका. नोंदणी नसलेल्या करारावर रस्त्याचा हक्क उभा राहत नाही.

नोंदणीच्या दिवशी सह्या करण्यापूर्वी दस्ताची पाने स्वतः मोजा. आमच्या पहिल्या करारात ‘सोबत जोडलेला नकाशा’ असा उल्लेख तीन ठिकाणी होता, पण नकाशा जोडलेलाच नव्हता, आणि हे आम्हाला वाद झाल्यावर प्रमाणित प्रत काढली तेव्हा कळले. नकाशाच्या पानावर दोन्ही पक्षांच्या सह्या आहेत, रस्त्याची अक्षरे व मापे कलमातील मापांशी जुळतात आणि ते पान दस्ताच्या पृष्ठक्रमांकात धरले आहे, हे पाहूनच अंगठा द्या. घरी येताना सूची दोन (नोंदणीचा सारांश-उतारा) आणि स्कॅन झालेल्या दस्ताची प्रत घेऊन या, आणि प्रतीत नकाशाचे पान वाचता येण्याइतके स्पष्ट उमटले आहे का, ते तिथल्या तिथे उघडून पाहा.